आषाढातलं गुऱ्हाळ आणि एकोणीस शून्यं

वाचक विचारतात:

नमस्कार. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. वय ३६. पतसंस्थेत नोकरी. घरी सासूबाई, नवरा, चौथीतला मुलगा. माझ्या माहेरी, करवीर तालुक्यात, आमचं गुऱ्हाळ होतं. आठ वर्षांपूर्वी ते बंद झालं. त्यावर मी कादंबरी लिहिते आहे. दिवाळीच्या पाडव्याला सुरुवात केली. रोज पहाटे पाच ते साडेसहा बसायचं आणि हजार शब्द लिहायचे असं ठरवलं. वहीच्या मागच्या पानावर तारीख आणि त्या दिवसाचे शब्द मांडते. ७४ दिवसांत ३१,४०० शब्द झाले. हजाराचा आकडा फक्त सहा वेळा गाठला.

मग ते पुस्तक आलं. नाव लिहीत नाही. आमच्याच भागातली कादंबरी: ऊस, गूळ, भाऊबंदकी. प्रकाशनाला केवढी गर्दी, पोरं दारात उभी. तीन महिन्यांत चौथी आवृत्ती. मैत्रीण म्हणाली, ‘नाद खुळा पुस्तक आहे, घेच.’ साडेचारशे रुपये देऊन घेतलं, दोन रात्रींत वाचलं आणि शेवटी पांघरुणात तोंड घालून रडले. त्यात भर आषाढात गुऱ्हाळ धडधडतंय. रस काढून उरलेली उसाची चिपाडं ओली असताना पेटली कशी? आणि त्यातला गूळ करणारा गुळव्या प्रत्येक प्रसंगात नुसता घाम पुसतो. आमच्याकडे आबाच गुळव्याचं काम करायचे. उकळता पाक थंड पाण्यात सोडून ते त्याची गोळी बोटांनी दाबून बघायचे. आम्ही पोरं श्वास धरून त्यांच्या तोंडाकडे बघायचो, कारण त्यांनी मान हलवली की काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, उतरायची.

त्या रात्रीपासून १९ दिवस माझ्या वहीत शून्य आहे. लोकांना असं पुस्तक आवडत असेल तर माझं कोण वाचणार? की मी नुसती जळते आहे? मैत्रिणीच्या वाचनगटात त्या पुस्तकावर लिही म्हणतात. सडकून लिहू का? आणि रोज किती लिहावं हेही सांगा.

— एक लिहिती बाई

ताई,

आधी तुमच्या वहीचाच हिशेब करू. ३१,४०० भागिले ७४, म्हणजे दिवसाला सरासरी ४२४ शब्द. ‘फक्त सहा वेळा’ असं तुम्ही लिहिलंत, तो ‘फक्त’ मला फार लागला. दिवसभर दुसऱ्यांच्या ठेवी मोजणाऱ्या बाईनं स्वतःच्या खात्यात काय जमा झालंय ते बघितलेलंच नाही. डेमी आकाराच्या मराठी कादंबरीत एका पानावर साधारण अडीचशे-तीनशे शब्द बसतात आणि सोळा पानांचा एक फर्मा होतो. म्हणजे तुमचे सात फर्मे भरले. दोनशे-सव्वादोनशे पानांची कादंबरी धरली तर अर्ध्याहून जास्त कच्चा मजकूर तुमच्या वहीत आहे. तोही नोकरी, डबे आणि मुलाचा अभ्यास सांभाळून, अडीच महिन्यांत.

हा हजाराचा आकडा तुम्ही आणलात कुठून? बहुतेक इंग्रजीतून आला असेल. १९९९ साली अमेरिकेत काही मित्रमंडळींनी एका महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायचा उपक्रम सुरू केला. तो पुढं नोव्हेंबर महिन्याचा झाला आणि जगभर पसरला. ५०,००० ला ३० नं भागलं की दिवसाला १,६६७ शब्द येतात. तिथून हे हजार, दीड हजार, दोन हजार आपल्याकडच्या लिहिणाऱ्यांच्याही डोक्यात बसले. पण आपला शब्द आणि त्यांचा शब्द एका मापाचे नाहीत. ‘गुऱ्हाळासमोरच्या’ हा आपला एक शब्द. तो इंग्रजीत सांगायला चार-पाच शब्द मोडावे लागतात. आपले विभक्तीचे प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं, ‘च’ आणि ‘ही’ सगळे शब्दालाच चिकटून बसतात. मी कित्येक वर्षं भाषांतरांची हस्तलिखितं तपासली आहेत. इंग्रजीतला मजकूर मराठीत आला की शब्दांची संख्या पाव हिश्शानं तरी उतरते, हा माझा नेहमीचा अनुभव. तेव्हा तुमचे ४२४ तुम्हाला वाटतात तितके कमी नाहीत.

शब्द मोजूच नका, असं मात्र मी सांगणार नाही. मोजण्याचा उपयोग असतो. अँथनी ट्रॉलप नावाचा इंग्रज कादंबरीकार पोस्टात नोकरी करून लिहायचा. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पाव तासाला २५० शब्द लिहायचा. हे त्यानं स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. ते त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ साली छापून आलं. लोक त्याचं घड्याळ तेवढं लक्षात ठेवतात. त्याच्या रोजवहीची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. तो हिशेब आठवड्याचा ठेवायचा. आठवड्याला सरासरी ४० पानं, पान २५० शब्दांचं. पण कुठल्या आठवड्याला २० पानांचं लक्ष्य, तर कुठल्याला ११२ चं. दिवस आणि इतर कामं कशी आहेत ते पाहून तो आधीच आकडा बदलायचा. आणि त्याला पहाटे उठवायला एक नोकर होता. कॉफी आणून देण्यासह त्या कामाचे तो वर्षाला पाच पौंड जास्तीचे द्यायचा. तुमच्या घरात पहाटे पहिली उठणारी बाई तुम्हीच, आणि साडेसहाला चहा टाकणारीही तुम्हीच. त्याच्या घड्याळाशी बरोबरी करताना हेही धरा.

तुमच्यासाठी मी आठवड्याला २,००० शब्द सांगेन. संस्थेत मार्चअखेर आली की १,०००. मुलाच्या परीक्षेच्या आठवड्यात ५०० झाले तरी पुरे. आणि मागच्या पानावर आकड्याशेजारी आणखी एक ओळ लिहा: ‘उद्या कुठून’. ‘थोरला चुलता दारात उभा आहे, अजून बोललेला नाही’, एवढं पुरे. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेही रोजच्या शब्दांचा तक्ता ठेवायचा. पण पुढं काय घडणार हे माहीत असतानाच तो त्या दिवसाचं काम थांबवायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदापुढं बसायला नको. पहाटे पाचला, झोप पुरती उडालेली नसताना, ही एक ओळ हाताला धरून उठवते. मी अनेक लिहिणाऱ्यांना हे सांगितलंय आणि त्यांना त्याचा उपयोग झालेला पाहिलाय.

आता त्या पुस्तकाकडे येऊ.

‘तीन महिन्यांत चौथी आवृत्ती’ हे वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल. आवृत्ती म्हणजे किती प्रती हे मुखपृष्ठावर कुणी लिहीत नाही. आपल्याकडे हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती धरायची जुनी रीत. आता मागणीप्रमाणे छपाई होते, त्यामुळं पाचशेची आवृत्ती असते, तीनशेचीही असते. त्या लेखकाचं यश खोटं आहे असं मी म्हणत नाही. चौथी आवृत्ती म्हणजे मराठीत आनंदाचीच गोष्ट. मला एवढंच सांगायचंय की तुमच्या वहीतले हजार आणि त्या मुखपृष्ठावरची चौथी आवृत्ती या दोन आकड्यांनी तुम्हाला एकाच वेळी धाक घातलाय, आणि दोन्हींपैकी एकानंही पानावर काय आहे ते सांगितलेलं नाही. तुम्ही पानावर काय आहे ते वाचलंत, म्हणून तर रडलात.

जळते आहे का, असं विचारलंत. थोडं जळताय, ताई. ‘प्रकाशनाला केवढी गर्दी, पोरं दारात उभी’ या ओळीत ते दिसतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जी बाई पहाटे पाचला उठून लिहिते, तिला दारात उभ्या पोरांचा हेवा वाटणारच. पण चिपाडांची ओळ जळून लिहिलेली नाही, आणि गुळव्याची तर नाहीच. त्या दोन ओळी जाणकार माणसाच्या आहेत. दोन्ही भावना एकाच रात्री आल्या, म्हणून तुम्हाला त्या एकच वाटल्या.

त्या दोन तक्रारींतही फरक आहे, आणि माझ्या मते सगळं इथंच आहे. आषाढातलं गुऱ्हाळ ही माहितीची चूक. चिपाडं उन्हात वाळल्याशिवाय चुलवाणात, काहिलीखालच्या भट्टीत, घालता येत नाहीत हे लेखकाला कुणी सांगितलं नसेल. ऐन धारेत धूर दाखवणं त्याला चित्र म्हणून आवडलं असेल. अशा चुका एका वाक्यानं दुरुस्त होतात. पाच-सहा वाचक सोडले तर कुणाचं त्यावाचून अडतही नाही. ‘गुळव्या नुसता घाम पुसतो’ ही तक्रार मात्र फार खोल आहे. त्या माणसाच्या हातात त्याचं काम नाही, असं तुम्ही म्हणताय. तो गुळव्याऐवजी सुतार असता, हमाल असता, तरी घामच पुसला असता. रसातली मळी कधी वर येते, ती काढायला रानभेंडीचा रस किती घालायचा, आच कधी ओढायची, हे रात्रंदिवस बघणारा माणूस घरात भावाशी बोलताना, मुलीचं लग्न ठरवताना, जमिनीच्या वाटणीला बसताना त्याच नजरेनं बघतो. ‘आत्ता उतरवायचं की अजून थांबायचं’ हा सवाल त्याच्या अंगातच मुरलेला असतो. त्या पुस्तकात गुऱ्हाळ नुसतं मागचा पडदा म्हणून लावलंय आणि पुढं माणसं ठरलेले संवाद म्हणताहेत. तुमच्या पत्रातल्या चार ओळींत आबांची मान हलण्याआधीचा तो क्षण आहे, तुम्ही पोरं श्वास धरून उभी आहात. तिथं काम आणि माणूस वेगळे करता येत नाहीत. ती ओळ मी तीनदा वाचली.

म्हणून आता एक अवघड काम सांगते. ते पुस्तक रद्दीत घालू नका, पेन्सिल घेऊन पुन्हा वाचा. जिथं पहिल्यांदा मन उडालं तिथं समासात खूण करा. माझा अंदाज आहे की ती खूण आषाढाच्या बऱ्याच आधी पडेल. प्रत्येक खुणेपाशी एकच प्रश्न विचारा: या जागी मला काय हवं होतं? उत्तर आलं की तुमची स्वतःची वही उघडा आणि तुमच्या ३१,४०० शब्दांत किती माणसं नुसता घाम पुसताहेत ते मोजा. असतील. प्रत्येकाच्या पहिल्या खर्ड्यात असतात. माझ्याकडे आलेल्या चांगल्यात चांगल्या हस्तलिखितातही असायची. तुमच्यापुढचा धोका मात्र त्या लेखकाच्या धोक्याच्या उलट आहे. तुम्हाला गुऱ्हाळ इतकं माहीत आहे की सगळंच सांगावंसं वाटेल. चरकापासून ढेपेपर्यंत दहा पानं वर्णन होईल, आणि भाऊबंदकी तिकडं दाराशी ताटकळत उभी राहील. आबा जेव्हा गोळी दाबताहेत तेव्हा नेमकं काय पणाला लागलंय? त्या दिवशीच्या काहिलीचे पैसे कुणाला द्यायचे होते? ते ठाऊक असेल तर एक ओळ पुरते.

आणि दुसऱ्या वाचनात दुसऱ्या रंगाची एक खूण ठेवा: जिथं पुस्तकानं तुम्हाला धरून ठेवलं त्या जागांसाठी. दोन रात्रींत संपवलंत ना? न आवडलेलं साडेचारशे रुपयांचं पुस्तक माणूस पन्नासाव्या पानाला मिटतो. तुम्ही नाही मिटलंत. काहीतरी तुम्हाला पुढं ओढत होतं. दारातल्या त्या पोरांना काहीतरी सापडलं होतं. कदाचित कितीतरी वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडची बोली त्यांना छापलेली दिसली असेल. ‘लोकांना असं पुस्तक आवडत असेल तर माझं कोण वाचणार’ असं तुम्ही विचारलंत. गुऱ्हाळावरची कादंबरी लोक रांग लावून घेतात, हे या पुस्तकानं तुम्हाला दाखवून दिलं. तुमचं पुस्तक येईल तेव्हा ‘ग्रामीण आता कोण वाचतं’ असं कुठल्या प्रकाशकाला सहज म्हणता येणार नाही.

वाचनगटासाठी सडकून लिहू का, याला माझं उत्तर ‘आत्ता नको’ असं आहे. तिशीत असताना मी एका गाजलेल्या कादंबरीवर असंच लिहिलं होतं. सगळ्यांनी डोक्यावर घेतलेलं पुस्तक, आणि मला ते पोकळ वाटलं. माझी वाक्यं धारदार होती, लोकांनी वाहवा केली. दहा वर्षांनी ते पुस्तक पुन्हा वाचलं. पोकळ ते होतंच, पण मी ज्या दोन प्रकरणांना हसले होते ती त्यातली खरी प्रकरणं होती. मला तेव्हा ती दिसली नव्हती, कारण मी पुस्तकाशी कमी आणि त्याच्या गाजावाजाशी जास्त भांडत होते. ते लिखाण आजही मला टोचतं. तुमची स्वतःची कादंबरी अर्धी असताना तर असं काही अंगावर घेऊच नका. दुसऱ्याला दाखवलेला कठोरपणा दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आपल्याच मानगुटीवर बसतो आणि आपलं एकही वाक्य पुढं सरकू देत नाही. गटाला सांगा, कादंबरीचा खर्डा पूर्ण झाल्यावर लिहीन. तेव्हा लिहाल ते पानांचे क्रमांक देऊन लिहा, आणि जे जमलंय त्याचीही पानं द्या.

आषाढाचं मात्र आत्ताच करा. प्रकाशकाच्या पत्त्यावर लेखकाला चार ओळींचं साधं पत्र पाठवा: माझं माहेर गुऱ्हाळाचं, अमुक पानावर पावसात चुलवाण पेटलंय, चिपाडं ओली असतात, पुढच्या आवृत्तीत महिना बदलता येईल. दुसरं काही लिहू नका. चांगला लेखक अशा पत्राचं सोनं करतो. आणि तुमच्या मनातला कढ थोडा उतरेल.

एकोणीस शून्यांनी तुम्ही घाबरला आहात, म्हणून तुमच्याच गावातली एक गोष्ट सांगते. वि. स. खांडेकर १९३८ साली शिरोड्याहून कोल्हापूरला आले आणि मग इथंच राहिले. १९३० पासून १९४२ पर्यंत त्यांच्या एकामागून एक कादंबऱ्या आल्या. नंतर दशकभराहून अधिक काळ नवी कादंबरी आली नाही. एवढा मोठा, घराघरात वाचला जाणारा लेखक, आणि इतकी वर्षं कादंबरीपुरती कोरी. त्यानंतर ते पुन्हा कादंबरीकडे वळले. १९५९ साली, वयाच्या साठीनंतर, त्यांची जी कादंबरी आली तिनं १९७४ चं ज्ञानपीठ मराठीत पहिल्यांदा आणलं. त्यांच्या थांबण्याची कारणं वेगळी होती, तुमची वेगळी आहेत. पण एकोणीस दिवसांच्या शून्यांकडे बघताना ही वर्षं आठवा. आणि ती शून्यं खोडू नका. त्यांच्यापुढं कंसात लिहा: ‘वाचत होते.’

मनासारखं काही वाचायला मिळत नसेल तर पुन्हा साडेचारशे रुपये घालू नका. तुमच्या घरापासून करवीर नगर वाचन मंदिर लांब नाही. १८५० पासूनचं ग्रंथालय आहे. गाजावाजा कधीच विरून गेलेली जुनी पुस्तकं तिथं निवांत उघडता येतात. आत्ताच्या दिवसांत मी तुम्हाला चालू चर्चेतलं काहीच वाचू नका असं सांगेन. गरम पुस्तक आणि गरम खर्डा एका वेळी नको.

येत्या रविवारी लिहायला बसू नका. अजून हंगाम चालू आहे. नवऱ्याला गाडी काढायला सांगा, मुलाला बरोबर घ्या आणि तुमच्या माहेरच्या वाटेवर जे गुऱ्हाळ अजून चालू असेल तिथं जाऊन दोन तास बसा. बंद पडलेल्या गुऱ्हाळावर लिहिताना चालू गुऱ्हाळाचा वास नाकात असावा लागतो, आठ वर्षांत तो थोडा तरी उडाला असणार. टिपणं काढू नका. काकवी घ्या, मुलाला गरम गूळ खाऊ घाला. गुळव्या पाण्यात हात घालील तेव्हा मुलाच्या तोंडाकडे बघा, तो श्वास धरतो का ते.

सोमवारी पहाटे पाचला वही उघडा. मागच्या पानावर विसावी नोंद करायची आहे, ती दोनशेची झाली तरी चालेल. आणि गुढीपाडव्याच्या सुमारास मला पुन्हा पत्र लिहा. किती शब्द झाले ते कळवलं नाहीत तरी चालेल. आबा गोळी दाबतात आणि मान हलवत नाहीत, तो परिच्छेद तेवढा पाठवा.